देवगाव फाटा, मोजणीचा दिवस

पहाटे ५

या वेळी फाट्यावर ट्रॅव्हल्सचा राबता असतो. पुण्याहून रात्री निघालेल्या गाड्या एकामागोमाग येतात, पिशव्या, गाठोडी आणि झोपेतली लेकरं उतरवतात आणि जिंतूर, औंढा, नांदेडच्या दिशेनं निघून जातात. रात्रपाळीची दोन पोरं शेकोटीला पाठ देऊन बसली आहेत. मांडीवर पॅड, पॅडवर छापील तक्ता आणि तक्त्यात रेघा. चार उभ्या, पाचवी आडवी. एक जण जालन्याकडून येणाऱ्या गाड्या धरतो, दुसरा जिंतूरकडून येणाऱ्या. सेलूच्या तोंडाला तिसरा आहे, त्याची मान एव्हाना खाली गेलेली असते. त्याला हलवून उठवणं हे माझं दिवसातलं पहिलं काम.

मी वाहनगणनेवर पर्यवेक्षक आहे. इंडियन रोड्स काँग्रेसनं १९७२ मध्ये घालून दिलेली पद्धत अजून चालते: सलग सात दिवस, चोवीस तास, वर्षातून दोनदा. एकदा सुगी आणि बाजाराच्या धामधुमीत, एकदा मंदीच्या दिवसांत. आत्ता नोव्हेंबर, म्हणजे कापूस घरात, सोयाबीन अडतीवर आणि ऊस रस्त्यावर.

जालना-जिंतूर रस्त्याला सेलूचा रस्ता मिळतो ती ही जागा. मंठा, देवगाव फाटा, सेलू, पाथरी, सोनपेठ, परळी, अंबाजोगाई असा लातूरकडे उतरणारा राष्ट्रीय महामार्ग ५४८ ब इथूनच वळतो. गाव लहान, पण तीन दिशांची माणसं इथं गाडी बदलतात. त्यामुळे मोजणीला ही जागा अवघड: थांबलेली गाडी कोणती आणि जाणारी कोणती, हे डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं.

सकाळी ६

पाळी बदलली. नव्या पोरांना तक्ता समजावून सांगितला. छापील नावं कुणाच्या लक्षात राहत नाहीत, म्हणून मी त्यांच्याच बोलीत सांगतो. दोन आसांचा ट्रक म्हणजे सहा टायरी, तीन आसांचा म्हणजे दहा टायरी, त्यापुढचे बारा-चौदा टायरी सगळे एका रकान्यात. छोटा हत्ती आणि पिकअप एका घरात. काळीपिवळी जीप कारच्या घरात. ट्रॅक्टर रिकामा असेल तर वेगळा, ट्रॉलीसकट असेल तर वेगळा.

“सर, बैलगाडी पण मोजायची?” नव्या पोरानं विचारलं.

मोजायची. उलट तिचं वजन सगळ्यात जास्त. रस्ता किती रुंद हवा हे ठरवताना इंजिनिअर प्रत्येक वाहनाचं कारमध्ये रूपांतर करतात. १९९० च्या मार्गदर्शिकेत मोटारसायकल म्हणजे अर्धी कार, ट्रक किंवा बस म्हणजे तीन, ट्रॉली लावलेला ट्रॅक्टर म्हणजे साडेचार आणि बैलगाडी म्हणजे तब्बल आठ. बैलगाडी हळू चालते, मागच्या सगळ्यांना अडवते, म्हणून कागदावर ती आठ गाड्यांची जागा खाते.

हाच तक्ता टोलच्या हिशेबाला लावला की चित्र उलटं होतं. राष्ट्रीय महामार्गांच्या २००८ च्या शुल्क नियमांप्रमाणे दुचाकी, तीनचाकी, ट्रॅक्टर, मळणीचं हार्वेस्टर आणि जनावरांनी ओढलेली गाडी यांना टोल नाही. म्हणजे रस्त्याला जी वाहनं सर्वांत जड, त्यातली बरीचशी टोलच्या खात्यात शून्य. वाचायला बरं वाटतं. या शून्याला आणखी एक बाजू आहे, ती दुपारी ट्रॅक्टर यायला लागले की सांगतो.

सकाळी ७.३०

मुक्कामी एसट्या खेड्यांतून परत यायला लागल्या. चहाच्या टपरीवर उभं राहिलं की प्रश्न ठरलेला.

“काय मोजायलाव सर? टोल बसायलाय म्हणं इथं.”

“नाही मामा, ही खात्याची नेहमीची गणना आहे. दरवर्षी असते.”

“दरवर्षी असती, पण टोलच्या आधी बी हेच पोरं बसत्यात की ओ.”

मामांना खोटं पाडता येत नाही. माझ्या हातात टोलचा कोणताही कागद नाही आणि आजची मोजणी खरंच नेहमीची आहे. पण कुठल्याही टोलचा पहिला कागद वाहनगणनेचाच असतो. किती गाड्या जातात, त्यातल्या टोल भरणाऱ्या किती, पुढच्या पंधरा-वीस वर्षांत किती वाढतील. या आकड्यांवर कर्ज उभं राहतं, ठेकेदार बोली लावतो, सरकार मुदत ठरवते. रस्त्याकडेला खुर्ची टाकून बसलेलं पोरगं दिसलं की लोकांना टोलची आठवण होते, त्यात त्यांचं काही चुकत नाही.

समृद्धी महामार्गाची गोष्ट निराळी होती. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी हा पहिला टप्पा उघडला आणि ५ जून २०२५ ला शेवटचा तुकडा, मिळून ७०१ किलोमीटर. तो रस्ताच नवा. ज्याला टोल नको तो जुन्या रस्त्यानं जाऊ शकतो. आता जालन्याहून नांदेडला जाणारा सुमारे १७९ किलोमीटरचा जोडमार्ग आखला आहे, सेलू आणि जिंतूर तालुक्यांतून जाणारा. त्यावर टोल असणार हे लोकांनी धरूनच चाललंय. चहावरची चर्चा त्याची नसते. आजोबांच्या काळापासून आहे तोच रस्ता रुंद करून त्यावर नाका बसला तर काय, ही खरी धास्ती. कारण तिथं “दुसऱ्या रस्त्यानं जा” असं म्हणायला दुसरा रस्ता नसतो.

सकाळी ९.३०

शाळेची वेळ. पोरं-पोरी घोळक्यानं रस्ता ओलांडतात. एसटीतून उतरलेल्या म्हाताऱ्या, दुधाच्या कॅना घेतलेले सायकलवाले, शेळ्या घेऊन चाललेली एक बाई. दहा मिनिटं मी नुसता बघत उभा राहिलो, कारण यातलं काहीच माझ्या तक्त्यात येत नाही. आमची मोजणी रस्त्याच्या लांबीनं जाणाऱ्यांची असते. रस्ता आडवा कापणाऱ्यांना तिथं रकानाच नाही. सायकलीला आहे, पण ती सरळ जात असेल तर.

सेलूला कॉलेजात जाणारा एक पोरगा गाडीची वाट बघत माझ्या पॅडमध्ये डोकावत होता. त्याला हे सांगितलं. तो म्हणाला, “मग आडवे जाणारे मी मोजू का?” वहीचं पान फाडून त्यानं तीन घरं आखली: माणसं, जनावरं, वळून जाणाऱ्या दुचाक्या. गाडी येईपर्यंतच मोजणार म्हणाला होता. गाडी आली, गेली, पोरगा बसून राहिला.

हे काही नवं नाही. २०१२ मध्ये मनसेनं राज्यातल्या टोलनाक्यांवर कार्यकर्ते बसवून गाड्या मोजल्या होत्या. त्यामागचं राजकारण बाजूला ठेवलं तरी रीत मोलाची होती: आकडा ठेकेदाराकडून ऐकायचा नाही, आपण मोजायचा. पुण्यातल्या माहिती अधिकार कार्यकर्त्यांनी मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या वसुलीचे आकडे असेच वर्षानुवर्षं मागितले, मांडले आणि त्यावर कोर्टापर्यंत गेले. त्या सगळ्या लढाया मात्र नाका बसल्यानंतरच्या. आमच्या पोराची वही नाक्याच्या आधीची आहे.

सकाळी ११

कापसाची पिकअप चहाला थांबली. गाडी मंठा तालुक्यातल्या गावची, नंबर एमएच २१. माल सेलूच्या जिनिंगला. ड्रायव्हर म्हणाला, “टोल झाला तर पास निघंल म्हणत्यात. वीस किलोमीटरच्या आतल्यांना.”

निघतो, पण कुणाला ते नीट वाचावं लागतं. २००८ च्या नियमात नाक्यापासून २० किलोमीटरच्या आत राहणाऱ्याला मासिक पास आहे. २००७-०८ च्या पायाभूत दरानं तो १५० रुपये होता, २०२५-२६ मध्ये ३५० झाला. मात्र तो खासगी, बिगरव्यावसायिक गाडीला. पिकअप व्यावसायिक, तिला हा पास लागू नाही. तिच्यासाठी दुसरी सवलत आहे: ज्या जिल्ह्यात नाका, त्याच जिल्ह्यात नोंदणी असेल आणि राष्ट्रीय परवाना नसेल तर निम्मा दर. इथं पाचर बसते. परभणीची नोंदणी एमएच २२, जालन्याची एमएच २१. समजा नाका फाट्याच्या अलीकडे, परभणी हद्दीत बसला, तर चारठाण्याच्या पिकअपला निम्मा दर आणि मंठ्याकडच्या पिकअपला पूर्ण. नाका चार किलोमीटर पलीकडे, जालना हद्दीत सरकला की हेच उलटं. दोन्ही पिकअप एकाच जिनिंगच्या दारात एकामागे एक उभ्या असणार.

ड्रायव्हरनं ऐकून घेतलं. “म्हंजी कुठं बसवायचा त्याच्यावरच समदं हाय.”

मी दिवसभर जे सांगत फिरतो ते त्यानं एका वाक्यात सांगितलं. हा नाका खरा आहे असं नाही, हे त्याला दोनदा बजावलं, नाही तर संध्याकाळपर्यंत मंठ्यात बातमी पोचली असती.

दुपारी १२.३०

फाट्यावर एक निवृत्त गुरुजी पेपर वाचायला येतात. त्यांना हिशेबाची आवड. “दर कोण ठरवतं? गडकरी?” त्यांनी विचारलं. मी पॅडच्या मागच्या बाजूला मांडून दाखवलं.

दर सूत्रानं ठरतो. चौपदरी रस्त्याला २००७-०८ चा पायाभूत दर कार-जीपला किलोमीटरला ६५ पैसे, छोट्या मालवाहू गाडीला १ रुपया ५ पैसे, बस आणि सहा टायरी ट्रकला २ रुपये २० पैसे. रस्ता दुपदरी आणि पक्क्या बाजूपट्ट्यांचा असेल तर याच्या ६० टक्के. समजा अशा ६० किलोमीटरच्या तुकड्याला एक नाका धरला: कारचे २३ रुपये ४० पैसे, पिकअपचे ३७ रुपये ८० पैसे, ट्रकचे ७९ रुपये २० पैसे. आणि हे झाले पायाभूत वर्षाचे. त्यावर दरवर्षी १ एप्रिलला पायाभूत दराच्या ३ टक्के वाढ, शिवाय घाऊक किंमत निर्देशांक जितका वाढेल त्याच्या ४० टक्के. शेवटी जवळच्या पाच रुपयांना गोळाबेरीज.

“चोवीस तासांत परत आलो तर?”

दोन्ही फेऱ्यांचे मिळून दीडपट. रोज ये-जा असेल तर महिन्याला पन्नास फेऱ्यांचा पास दोन तृतीयांश दरानं. आणि १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी कारला वर्षाचा किंवा २०० फेऱ्यांचा फास्टॅग पास, जे आधी संपेल ते; सुरू झाला तेव्हा तो ३,००० रुपयांना होता.

गुरुजींनी चष्मा काढला. “मग यात आपण बोलायचं कुठं?”

दरावर नाही. तो दिल्लीत ठरलेला आहे, सगळ्या देशाला एकच, आणि परभणीच्या मोर्चानं त्यातला एक पैसा हलत नाही. बोलायच्या जागा चार: नाका कुठं, सर्व्हिस रोड किती, रस्ता ओलांडायला वाट कुठं, आणि वीस किलोमीटरच्या घेऱ्यात कोणती गावं. नाक्याच्या जागेबद्दल नियम इतकंच सांगतो: नगरपालिका हद्दीपासून १० किलोमीटरच्या बाहेर, कारणं नोंदवून ५ पर्यंत आत, आणि त्याच रस्त्यावर त्याच दिशेला दोन नाक्यांत साधारण ६० किलोमीटर. या चौकटीत जागा बरीच मोकळी राहते. तिथं स्थानिक माणसाचं म्हणणं चालू शकतं, आणि तिथंच ते मागवलं जात नाही.

दुपारी १.३०

ढाब्यावर पिठलं, भाकरी, ठेचा. सेलूच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानाचा मालक शेजारी जेवत होता. त्याची तक्रार निराळी. “रस्त्यासाठी जमीन घेत्यात तेव्हा नोटीस येती, तारीख मिळती. टोलची नोटीस पेपरातच वाचायची का?”

बहुतेक तसंच. राष्ट्रीय महामार्ग अधिनियम १९५६ चं कलम ३ अ: जमीन घेण्याचा इरादा राजपत्रात आणि दोन स्थानिक वर्तमानपत्रांत, त्यातलं एक इथल्या भाषेतलं. कलम ३ क: २१ दिवसांत हरकत घ्या, सक्षम प्राधिकारी तुम्हाला समक्ष किंवा वकिलामार्फत ऐकून घेईल. ती सुनावणी पुरेशी असते असं कुणी म्हणणार नाही, पण निदान तारीख मिळते. शुल्काची अधिसूचना निघते तेव्हा दर छापून येतो, हरकती मागवल्या जात नाहीत. रस्ता पूर्ण झाल्यापासून ४५ दिवसांत वसुली सुरू व्हावी असाही नियम आहे. गावाला कळेपर्यंत बूम खाली आलेला असतो.

विजेचं बघा. वाइंडिंगवाल्याला हे लगेच पटलं. महावितरणला दर वाढवायचा तर राज्य वीज नियामक आयोगापुढे अर्ज करावा लागतो. २००३ च्या वीज कायद्याप्रमाणे तो अर्ज जाहीर होतो, सूचना-हरकती येतात, सुनावण्या होतात, ग्राहक संघटनांचे अभ्यासक आकड्यांनिशी भांडतात, मग आदेश निघतो. दर वाढतोच बहुधा. पण का वाढला ते कागदावर राहतं. एका युनिटसाठी हे चालतं, तर एका किलोमीटरसाठी का चालू नये?

दुपारी ३

उन्हं कलली की एक तास रस्ता सुस्त असतो. पोरांना आळीपाळीनं झोपू दिलं आणि रकाने मी धरले.

या धंद्यात एकच प्रसंग असा येतो की रस्त्यावरच्या माणसाला प्रश्न विचारला जातो. त्याला ओडी सर्व्हे म्हणतात. पोलिसांच्या मदतीनं गाडी बाजूला घ्यायची आणि विचारायचं: कुठून निघालात, कुठं चाललात, माल काय, महिन्यात किती फेऱ्या. टोलचा प्रकल्प असेल तर शेवटी आणखी एक: वेळ वाचला तर टोल द्याल का, किती द्याल? मी अशी पॅडं अनेक रस्त्यांवर भरून घेतली आहेत. ड्रायव्हर घाईत असतो, मागे हॉर्न वाजत असतो, आणि तो सुटका करून घ्यायला “देईन की” म्हणतो. त्या “देईन की”चा पुढे टक्का होतो आणि जाड अहवालात जाऊन बसतो. मालक कोण, टोल कुणाच्या खिशातून जाणार, हे त्या रकान्यात येत नाही. ड्रायव्हरच्या उत्तराला लोकमत म्हणणं सोपं आहे, कारण दुसरं कोणी विचारायला गेलेलंच नसतं.

न विचारता बसवलेल्या टोलचा हिशेब महाराष्ट्रानं चुकवलेला आहे. कोल्हापूर शहरातले जुनेच रस्ते खासगीकरणातून सुधारले आणि शहराच्या वेशींवर नाके उभे केले. एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्यासारखे ज्येष्ठ रस्त्यावर उतरले, मोर्चे निघाले, जानेवारी २०१४ मध्ये नाक्यांची जाळपोळ झाली. शेवटी २०१५ च्या अखेरीला टोल रद्द झाला आणि ठेकेदाराची शेकडो कोटींची भरपाई सरकारी तिजोरीतून गेली. म्हणजे कोल्हापूरकरांनी नाकारलेल्या टोलचा वाटा परभणीकरानंही भरला. त्याच वर्षी ३१ मेच्या मध्यरात्री राज्यानं आपल्या रस्त्यांवरचे १२ नाके बंद केले आणि ५३ नाक्यांवर छोट्या गाड्यांना आणि एसटीला सूट दिली. १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्री मुंबईच्या पाच वेशींवरही छोट्या गाड्यांचा टोल गेला. आधी लावायचा, लोक खवळले किंवा निवडणूक आली की काढायचा, हा आपला सार्वजनिक सहभाग.

दुसरीकडे काय करतात? एडिंबरा शहरानं २००५ मध्ये असलेल्या रस्त्यांवर गर्दीशुल्क लावण्याआधी मतदान घेतलं. सुमारे तीन चतुर्थांश लोक नाही म्हणाले, बेत तिथंच संपला. स्टॉकहोमनं क्रम बदलला. जानेवारी ते जुलै २००६ असं सात महिने शुल्क प्रत्यक्ष लावून दाखवलं, मग बंद केलं आणि सप्टेंबरात मत मागितलं. गर्दी कमी झालेली लोकांनी अनुभवली होती, शहरातलं बहुमत बाजूनं पडलं, पुढच्या वर्षी शुल्क कायम झालं. फाट्यावर सार्वमत घ्या असं मी म्हणत नाही. तिथं हो किंवा नाही ठरायच्या वेळी लोकांपुढे आकडे होते, एवढंच मला महत्त्वाचं वाटतं.

दुपारी ४.३०

ऊस आला. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, वर गाण्याचा आवाज, मागे लाल कापड. जायकवाडीच्या कालव्यानं आणि दुधनेच्या पाण्यानं वाढलेला हा ऊस हंगामभर याच रस्त्यांवर असतो. एकामागे एक तीन ट्रॅक्टर आले की मागे ट्रकची रांग, आणि पोरांच्या रेघांची धांदल.

सकाळी म्हटलं ती बाजू आता. ट्रॅक्टरला टोल माफ आहे, खरं. पण त्याच नियमाला पुढे एक अट जोडलेली आहे: जिथं सर्व्हिस रोड किंवा पर्यायी रस्ता आहे, तिथं अशा वाहनांनी मुख्य रस्त्यावर यायचं नाही. सर्व्हिस रोड सलग असेल तर कुणाची तक्रार नाही. तो पुलापाशी तुटला, मध्येच मातीत गेला, तर ट्रॅक्टरवाल्यानं काय करायचं? त्याला पैसे पडत नाहीत, फेरा पडतो. दुभाजकातलं तोंड दोन किलोमीटर पुढे गेलं तर शेतातून घरी येणारी बैलगाडी रोज तितकी जास्त चालणार. टोलचा अहवाल लिहिणाऱ्याला हा खर्च दिसत नाही, कारण त्याच्या तक्त्यात टोल भरणाऱ्यांचेच रकाने असतात. म्हणून टोलवर बोलायला फक्त कारवाले आणि ट्रकमालक पुढे आले की अर्धा गाव बाहेर राहतो.

कॉलेजातला पोरगा अजून बसला होता. वहीची चार पानं भरलेली. त्याचं एक निरीक्षण मला कागदावर कधी सापडलं नव्हतं: सेलूकडून येऊन जिंतूरकडे वळणाऱ्या दुचाक्या वळणावर न वळता टपऱ्यांच्या मागून वाट काढतात. दुभाजक आला की ही वाट बंद होणार.

संध्याकाळी ६.३०

दिवे लागले. जवळच्या एका गावच्या सरपंचबाई सेलूहून परत जाताना थांबल्या. त्यांच्यासोबत ग्रामपंचायतीचे दोन सदस्य आणि दुपारचे गुरुजी. पोरानं आपली वही त्यांना दाखवली.

“सर, तुमचे आकडे आम्हाला देता का?” बाईंनी सरळ विचारलं.

मला देता येत नाहीत. मी भरून देतो, पुढे ते खात्याचे. पण तुम्ही मागू शकता. माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवस. आणि मागायचीसुद्धा गरज पडू नये असं त्याच २००५ च्या कायद्याचं कलम ४ म्हणतं: लोकांवर परिणाम करणारी महत्त्वाची धोरणं आखताना आणि निर्णय जाहीर करताना त्यासंबंधीची सगळी वस्तुस्थिती प्राधिकरणानं आपणहून प्रसिद्ध करायची.

“पर टोलच नाही म्हणता, तर ठराव कशाचा करायचा?” एका सदस्याचा प्रश्न बरोबर होता. येणार की नाही माहीत नाही त्या नाक्याला विरोध करून ग्रामसभेचा कागद वाया का घालवायचा?

गुरुजींनी वाट काढली. विरोधही नको, पाठिंबाही नको. अटी लिहून ठेवू. बाकावर बसून त्यांनी मुद्दे काढले, सरपंचबाईंनी दोन बदलले. या रस्त्यावर कधीही शुल्क आकारण्याचा विचार झाला तर वाहनगणनेचे आकडे आधी ग्रामपंचायतीला मराठीत मिळावेत. नाक्याची जागा ठरण्याआधी आजूबाजूच्या गावांची एकत्र बैठक घ्यावी, जालना हद्दीतल्या गावांनाही बोलवावं. सर्व्हिस रोड पूर्ण होईपर्यंत वसुली नको. शाळेच्या वेळचा रस्ता ओलांडण्याचा आकडा अहवालात घ्यावा.

तिसऱ्या मुद्द्यावर वाद झाला. सदस्य म्हणाले, ही अट कोण मानतं? मी केरळचं उदाहरण दिलं. त्रिशूर जिल्ह्यातल्या पालियेक्करा नाक्यावर रस्त्याची दुरवस्था आणि कोंडी बघून केरळ उच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२५ मध्ये वसुली थांबवली, आणि सर्वोच्च न्यायालयानं त्या आदेशात हात घातला नाही. रस्ता नीट नसेल तर टोल मागायचा हक्क कमजोर होतो, हे आता फक्त चहावरचं बोलणं राहिलेलं नाही. मुद्दा कायम झाला.

दुसऱ्या मुद्द्यावर मात्र सरपंचबाई अडल्या. “मंठ्याच्या गावांना आम्ही कामून बोलवायचं? त्यांचं ते बघतील.” मग पिकअपची गोष्ट सांगावी लागली, एमएच २१ आणि २२ ची. बाईंचा भाऊ मंठा तालुक्यातच राहतो, त्याच्याकडे पिकअप. त्या हसल्या आणि म्हणाल्या, “लिवा मग. त्यांच्या ग्रामसभेला बी धाडू.”

रात्री ८

पडताळणी. प्रत्येक तासाच्या रेघांची बेरीज, दिशांची बेरीज, मग दोन्ही जुळतात का ते. दिवसभरातला तक्ता एकत्र ठेवला की फाट्याची खरी ओळख समोर येते. दुचाकीचा रकाना सगळ्यात गच्च. त्याखालोखाल कार-जीप आणि पिकअप. संध्याकाळी ट्रॅक्टर-ट्रॉली उसळी मारतात. रात्री मोठे ट्रक. टोलवाल्याच्या नजरेनं बघितलं तर हा रस्ता रात्रीचा, गावाच्या नजरेनं बघितलं तर दिवसाचा. एकच रस्ता, दोन वेगळे हिशेब, आणि दोन्ही खरे. म्हणूनच ते एका टेबलावर यायला हवेत, बोली निघण्याच्या आधी.

टोल नकोच असं मी म्हणत नाही. चांगला रस्ता फुकट होत नाही. डांबराचा, पुलाचा, देखभालीचा पैसा कुठून तरी येणारच, आणि इथून कधीही न जाणाऱ्यानं तो का भरावा हाही रास्त प्रश्न आहे. पण असलेल्या रस्त्यावर टोल लावताना सरकार नवी सोय विकत नसतं, जुन्या वहिवाटीची अट बदलत असतं. वहिवाट बदलताना शेताच्या बांधावरसुद्धा शेजाऱ्याला बोलावतात.

रात्री १०

रात्रपाळी हजर. पॅडं बदलली, बॅटऱ्या तपासल्या, शेकोटीला लाकडं आणून ठेवली. तक्त्याच्या टोकाला “शेरा” नावाचा रकाना असतो. पाऊस, अपघात, जत्रा, रास्ता रोको असं काही घडलं तर तिथं लिहायचं. एरवी तो कोराच जातो. आज मी त्यात लिहिलं: “शाळेच्या वेळी पादचारी मोठ्या संख्येने रस्ता ओलांडतात. वळणाऱ्या दुचाकी टपऱ्यांमागील वाटेने जातात. स्वतंत्र गणना आवश्यक.” खात्यात हे वाचलं जाईल की नाही सांगता येत नाही, पण माहिती अधिकारात प्रत मागितली तर हा शेरा त्या प्रतीसोबत गावात परत येईल.

कॉलेजातल्या पोरानं आपली चार पानं गुरुजींकडे दिली. उद्या सकाळी सात ते दहा तो पुन्हा बसणार आहे, सोबत दोन मित्र. त्यांना मी फक्त एक सूचना केली: प्रत्येक पानावर तारीख, वेळ, दिशा आणि मोजणाऱ्याची सही. सही नसलेला आकडा सुनावणीत टिकत नाही. आज सुनावणी नाही. पण ती मागायची वेळ आली, तर रिकाम्या हातानं जावं लागू नये.